आखाजीला न आलेली लेक

वैशाख तापायला लागला की ते प्रकरण माझ्या मनात आपोआप हजर होतं. कुणी बोलावून आणावं लागत नाही. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, त्यातले बरेच विसरलोही. हे विसरलो नाही, कारण यात माझी चूक होती, आणि ती दुरुस्त करायला मला वेळ मिळाला. पोलिसाच्या नशिबात दुसरी गोष्ट फार वेळा येत नाही. यातल्या कुणाचं नाव, गाव, जात मी सांगणार नाही. असली घरं मी सगळ्या जातींत पाहिली आहेत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत होता. तापीकाठच्या एका औटपोस्टवर मी जमादार म्हणून होतो. माझं गाव देवगडच्या बाजूला, समुद्राकाठी. वडील गेले आणि शाळा पाचवीत सुटली. पोलिसात घेतलं ते उंची आणि छाती बघून, अक्षर बघून नव्हे. घरापासून इतक्या लांब, भाताऐवजी भाकरी, माशांऐवजी मिरचीचा ठेचा, आणि कानावर अहिराणी. पहिले सहा महिने लोक काय बोलतात हे शिपायांना विचारावं लागे. स्वभाव मुळात काळजीचा. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, डायरीत नोंद केली की तीनदा वाचायची. शिपाई पाठीमागे हसत. हसोत. ज्या खात्यानं पाचवी पास पोराला भाकरी दिली त्या खात्याचं काम आपल्या हातून बिघडू नये, एवढीच धास्ती होती.

आखाजीला आठवडा उरला होता. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आम्हा पोलिसांच्या दृष्टीनं तेव्हा आखाजी म्हणजे पत्त्यांचा जुगार. त्या सणाला गावोगाव डाव बसत. वरून हुकूम आलेला की अड्डे शोधा, छापे घाला. त्या गडबडीत एक शेतकरी गडी दारात येऊन उभा राहिला. शेजारच्या एका खेड्यातला. पंचविशीतला, पायात धूळ, डोक्याला उपरणं.

"दादा, मन्ही बहीणले आखाजीले धाडतस नही," तो म्हणाला. "दोनदा गऊ, दोनदा रिकामा उनू. भेटू बी देतस नही."

"का पाठवत नाहीत?"

"म्हनतस, आजारी शे. मी म्हनं, मंग दखू द्या. तर दार लाई लिधं."

मी विचारलं, मारहाण झालीय का? तू पाहिलीस का? त्यानं नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी बहीण याच औटपोस्टला येऊन गेली होती, एवढं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की सणाला सून पाठवायची की नाही हा घरचा प्रश्न आहे, त्यात पोलीस काय करणार? आणि डायरीत लिहिलं: 'घरगुती बाब. समज देऊन परत पाठवले.' ओळ तीनदा वाचली. शुद्धलेखन बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आमच्या औटपोस्टसमोरच्या कडुलिंबाखाली एक कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन बसे. साठीची बाई, आवाज खणखणीत. बाजार नसेल तेव्हा ती गावोगाव घरात जाऊन बायकांना बांगड्या भरायची. दुपारी ती उठून थेट आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"जमादारदादा, काल त्या भाऊले तुम्ही परत धाडं म्हने?"

"मावशी, सणाला पाठवलं नाही हा काय गुन्हा आहे?"

"तुम्ही कोकणना. तुमले आखाजी काय समजी?" तिनं कपाळावर हात मारला. "आठे जवाई कितला बी खराब ऱ्हायना, तरी आखाजीले बायकोले माहेर धाडस. सासू कितली बी खाष्ट ऱ्हायनी, तरी धाडस. वरीसभर राबस ती पोर, ते या चार दिवससाठे. जिनं तोंड माहेरले दखाडतस नही, तिनं तोंड दखाडासारखं ऱ्हायनं नही, समजनं का?"

मी तिला स्टूल दिलं.

मग तिनं जे सांगितलं ते मी आज जसंच्या तसं सांगू शकतो, कारण नंतर ते मी लिहून काढलं. तिला महिने-तारखा येत नव्हत्या. तिचं पंचांग सणांचं, कारण सणाआधी बांगड्या भरायला बोलावणं येतं. त्या भावाच्या बहिणीच्या सासरी मात्र ती सण नसतानाही जाऊ लागली होती. सवाष्णीचा हात रिकामा दिसू नये म्हणून सासू स्वतः निरोप पाठवायची. पोळ्याच्या सुमाराला सुनेच्या डाव्या हातातल्या बांगड्या फुटलेल्या. दिवाळीत दोन्ही हातांतल्या. संक्रांतीला मनगट इतकं सुजलेलं की बांगडी चढेना, तेल लावून चढवली, आणि सून ओठ दाबून बसली. कासारीण हात दाबून दाबून बांगडी चढवते, त्यामुळे हाड कुठे दुखतं हे तिला डॉक्टरआधी कळतं.

"आनि होळीले?" मी विचारलं. तोपर्यंत माझ्याही तोंडात अहिराणी यायला लागली होती.

"होळीनंतर ती मले नदीवर दिसनी. दोन्ही हात रिकामा. आनि आठे," तिनं स्वतःच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावली, "काया डाग. सासू संगे व्हती. मी म्हनं, बांगड्या भरी देस. सासू म्हने, राहू दे, नंतर भरसूत." ती पुढे झुकली. "दादा, तधळपाशी मले बलावंच नही. आते आखाजी उनी. जित्या नवराना बायकोना हात इतला दिवस रिकामा ठेवस का कोनी? त्या घरमा ती पोर आते हिशोबमा नही."

मला दोन गोष्टी आठवल्या. त्या कासारणीला माहीत नव्हत्या.

आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात विहिरीतून एका बाईचं प्रेत काढलं होतं. पंचनामा मीच केला. 'पाणी काढताना पाय घसरून' असं सगळे म्हणाले, आणि बाई जरा वेडसर होती, विहिरीकडे धावायची, हेही सगळे म्हणाले. आकस्मिक मयत म्हणून कागद बंद झाला. आणि याच आठवड्यात, जुगाराच्या चौकशीला गेलो असताना, या बहिणीच्या सासरच्या गावच्या पोलीस पाटलानं चहा पिता पिता मला सांगितलं होतं, "अमक्याच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय. विहिरीकडे पळते म्हणतात. बिचारा नवरा कोंडून ठेवतो." मी 'अरेरे' म्हणून चहा संपवला होता. आता ते वाक्य मला वेगळं ऐकू आलं. माणूस मरायच्या आधीच गावात त्याच्या मरणाचं कारण पसरलेलं होतं.

मी कपाट उघडून अदखलपात्र गुन्ह्यांची जुनी रजिस्टरं काढली. ती बाई सापडली. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही नोंदी माझ्या आधीच्या लोकांच्या. 'नवरा-बायकोचे किरकोळ भांडण. उभयतांस समज दिली.' उभयतांस! म्हणजे नवरा शेजारी उभा असताना तिला विचारलं होतं. कुठे लागलं, कशानं मारलं, आधी कधी मारलं, काय धमकी दिली, एक अक्षर नाही. तिसऱ्यांदा ती आली नाही. ठाण्यात सगळ्यांना वाटलं असेल, मिटलं. ओरडणारी बाई गप्प झाली की मिटलं असं आपण धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

संध्याकाळच्या आत सायकल मारत मी तालुक्याच्या ठाण्यावर गेलो. आमचे फौजदार कडक गृहस्थ. जिभेला धार. पण मला अर्ज आणि रिपोर्ट लिहायला शिकवले ते त्यांनीच, रोज एक कागद लाल पेन्सिलीनं तपासून. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "जमादार, तुम्हाला पत्ते पकडायला सांगितलं तर तुम्ही बांगड्या मोजून आलात?"

"साहेब, मला भीती वाटते."

"तुम्हाला कुठल्या दिवशी वाटत नाही?" मग त्यांनी चष्मा काढला. "हे बघा. मॅजिस्ट्रेटसमोर भीती चालत नाही. भीतीची कारणं चालतात. ती कागदावर आणा. अगोदर काय झालं, मग काय झालं, मार वाढला की कमी झाला, बाहेर येणं कुणी बंद केलं, तिच्या मरणानं कुणाचं काय साधतं. सगळं. तुमचं मत घालू नका."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला भावाकडून मिळालं. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आणि नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवल्याची कुजबुज. दोन बायकांना तोवर कायद्यानं बंदी आली होती. म्हणजे पहिली घरात असेपर्यंत दुसरी आणता येत नव्हती.

भावाचा अर्ज घेतला. कासारणीचा जबाब घेतला. आमच्या पद्धतीप्रमाणे जबाब शुद्ध मराठीत लिहायचा असतो. 'सदर इसमाने त्याच्या पत्नीस मारहाण केल्याचे माझे निदर्शनास आले' असा. मी तसा लिहायला बसलो आणि अडलो. 'बांगडी चढे नही' याचं शुद्ध काय करायचं? चुकेन म्हणून मी ते तसंच ठेवलं, तिच्याच शब्दांत, चार पानं. फौजदारांनी लाल पेन्सिल हातात घेतली, वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"एवढ्यात काही सुधारायचं नाही," म्हणाले. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक.

जुन्या फौजदारी संहितेत डांबून ठेवलेल्या माणसाच्या शोधासाठी वॉरंट मिळण्याची तरतूद होती. तो अधिकार मॅजिस्ट्रेट म्हणून प्रांतसाहेबांना होता; त्यांनी सगळे कागद वाचले. त्यांनी मला एकच विचारलं, "ही कासारीण कोर्टात हेच बोलेल?" मी म्हटलं, "साहेब, तिला थांबवणं कठीण जाईल." त्यांनी सही केली.

आखाजीला दोन दिवस उरले असताना सकाळी नऊच्या सुमारास आम्ही त्या घरी पोचलो. फौजदार, मी, दोन शिपाई, पोलीस पाटील, दोन पंच. बाईपोलीस तेव्हा आमच्याकडे नव्हत्या, म्हणून कासारीण बरोबर घेतली. डोक्यावर पेटी तशीच. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?" असं म्हणाली होती.

नवरा ओट्यावर दात घासत होता. दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. असल्या माणसांबद्दल एक सांगतो: बाहेर आवाज चढवणारा घरात मारतोच असं नाही, आणि घरात मारणारा बाहेर बहुतेक वेळा मऊच बोलतो. आम्ही काही विचारायच्या आत त्यानं खाट टाकली, पाणी आणवलं. फौजदारांनी त्याला ओट्यावरच बसवलं. मी सासूला परसात नेलं. दोघांना वेगळं करायचं, आणि प्रश्न तेच विचारायचे, ही फौजदारांची जुनी शिकवण.

"बायको कुठे आहे?" ओट्यावर फौजदारांनी विचारलं.

"मावशीकडे गयी साहेब. शहादाले. चार दिवस व्हयनात."

"कशानं गेली?"

"एस्टीनं."

"लुगडं कोणतं नेसली होती?"

तो घुटमळला. "हिरवं."

"हातात बांगड्या?"

"भरेल व्हत्यात साहेब. सवाशीन बाई शे."

इकडे परसात मी सासूला विचारलं, सून कुठे आहे. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ताप येल शे साहेब. आत झोपेल शे. उठाडू नका." खोटं बोलणारी दोन माणसं मोठी गोष्ट एकमेकांना पढवून ठेवतात. पण आमची तारीख त्यांना माहीत नव्हती, त्यामुळे आज कोणती गोष्ट सांगायची हे ठरायचं राहून गेलं होतं.

मी ओट्यावर येऊन फौजदारांच्या कानात सांगितलं. ते नवऱ्याकडे वळले. "तुमच्या मातोश्री म्हणतात, आत झोपली आहे. शहाद्याहून कधी आली?"

त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. आणि कासारीण, जिला कुणी बोल म्हटलं नव्हतं, ती दारातून म्हणाली, "बांगड्या भरेल व्हत्यात का रे? कोनी भऱ्यात? या पंचक्रोशीमा मले सोडीसन दुसरी कोन शे?"

"तू बोलू नको, म्हातारे!" तो ओरडला. मऊपणा संपला.

"बोलसू! तुन्ही मायनी बी बांगड्या मीच भऱ्यात, तू पाळनामा व्हता तधळ!"

पंचांपैकी एकाला हसू आवरेना. फौजदारांनी हात वर केला आणि वॉरंट वाचून दाखवलं. घराच्या मागे कडब्याची खोली होती. बाहेरून कुलूप. किल्ली 'सापडेना'. पंचांसमक्ष कोयंडा उचकटला.

ती भिंतीला टेकून बसली होती. उजेडानं डोळे मिटले. पायाशी पाण्याचा तांब्या आणि अर्धी भाकरी. उजव्या हाताचं मनगट वेडंवाकडं सुजलेलं, दोन्ही हात उघडे. आम्ही पुरुष दारातच थांबलो. कासारीण आत गेली आणि तिच्याजवळ बसली. त्या बाईनं फार हळू विचारलं, "माय, आखाजी व्हई गयी का?"

"नही बेटा. परवा शे."

तेव्हा ती रडली. मी पाठ फिरवून कुलपाचा पंचनामा लिहायला घेतला. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं, पण त्या दिवशी कुणी लाल पेन्सिल काढली नाही.

दवाखान्याचे डॉक्टर भले, पण घाईचे. दाखल्यावर एका ओळीत 'अंगावर मुका मार' लिहून मोकळे व्हायची त्यांची सवय. मी कागद हातात धरून उभा राहिलो.

"साहेब, प्रत्येक जखम वेगळी लिहाल का? कुठे आहे, केवढी आहे, जुनी की नवी?"

"जमादार, तुम्हाला एका ओळीत पुरत नाही?"

"नाही साहेब. एका ओळीनं ही बाई दोनदा परत गेली आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाही वर केली, आणि नर्सला बोलावून पाऊण तास लिहिलं. पिवळा पडलेला वळ, निळा वळ, मनगटाचं मोडलेलं हाड, गळ्याच्या दोन्ही बाजूंना फिकट डाग. मोडलेल्या हाडामुळे गुन्हा दखलपात्र झाला, आणि जुन्या-नव्या वळांमुळे कोर्टाला कळलं की हे एका दिवसाचं भांडण नव्हतं.

तिनं जबाबात सांगितलं, तोही तिच्याच शब्दांत घेतला. नवरा मागच्या पंधरवड्यात दोनदा तिला विहिरीच्या काठाशी घेऊन उभा राहिला होता. "आखाजी जाऊ दे," म्हणाला होता. सणात पाहुणे असतात, सण गेला की गाव शेतात. फौजदारांनी ते वाक्य वाचलं आणि कागदावरून मान वर केली. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

खटला चालला. वेडाची बतावणी बचाव पक्षानं आणलीच, पण कासारणीनं उलटतपासणीत वकिलाला जेरीस आणलं. "तुम्ही आखाजीले बायकोले माहेर धाडं का नही?" असा तिनं उलट त्यालाच प्रश्न केला, तेव्हा मॅजिस्ट्रेटनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. नवऱ्याला शिक्षा झाली. माझ्या मतानं कमी झाली, पण झाली. ती बाई भावाकडे राहिली. भाऊ भला, भावजय त्याहून भली. लोक बोलले असतील. पण ती जिवंत होती आणि लोकांचं बोलणं ऐकत होती, ही काही लहान गोष्ट नव्हती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पहिलं म्हणजे, ज्या मुलखात नोकरी करायची तिथले सण, रीत, बायकांचं येणं-जाणं हे कलमांइतकंच पाठ करावं. मी आखाजीला जुगाराचा सण समजत होतो. तिथल्या एका अडाणी बाईला ठाऊक होतं की तो लेकीचा जीव शाबूत असल्याची खात्री करण्याचा सण आहे. दुसरं, मार किती बसला एवढंच बघू नये. वाढतोय का, हात गळ्यापर्यंत गेला का, बाईचं बाहेर येणं बंद झालं का, ती वेडी आहे असं कोण पसरवतंय, हे विचारावं, आणि नवऱ्याला दूर बसवून विचारावं. मारणाऱ्याला तिच्याइतकं जवळून दुसरं कुणी ओळखत नाही. 'हा मला मारून टाकील' असं बाई म्हणते तेव्हा ती त्रागा करत नसते, ती आपल्याला खबर देत असते. खबऱ्याची खबर आपण लिहून घेतो, मग तिची का नाही? पुढे मी बढतीनं फौजदार झालो, चार-पाच ठाणी फिरलो. प्रत्येक ठाण्यात 'समज देऊन परत पाठवले' ही ओळ मी बंद केली. काही सहकाऱ्यांना ते वेड वाटे. मला तेवढं वेड परवडत होतं.

त्या औटपोस्टवरून माझी बदली झाली त्या वर्षाची गोष्ट सांगून थांबतो. चार्ज देण्याआधी दोन दिवस, बाजाराच्या सकाळी, ती भावाकडे राहणारी बाई औटपोस्टला आली. एकटी. पायरी चढून आत आली आणि न सांगता बाकावर बसली. जरा भरलेली दिसत होती. मी वही ओढली, पेन उघडलं आणि विचारलं, "ताई, काय झालं? कुणी त्रास दिला?"

"नही दादा. कोनी नही."

"मग काय तक्रार आहे?"

"तक्रार नही म्हनीसन सांगाले उनू." ती हसली. मग तिनं बोट वहीवर ठेवलं. "मन्ही वाईट गोट तुम्ही चार पानं लिखी. ही बी लिखी ल्या."

ठाण्याच्या डायरीत असली नोंद करता येते का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी वेळ टाकली आणि लिहिलं: 'सदर बाई स्वखुशीने समक्ष हजर. माहेरी सुखरूप आहे. कोणाविरुद्ध तक्रार नाही.' तिला वाचून दाखवलं. तिनं अंगठा न उमटवता सही केली. भावाच्या मुलीबरोबर बसून शिकली होती, म्हणाली. अक्षर माझ्यासारखंच वाकडं होतं. मी ती ओळ एकदाच वाचली आणि वही मिटली.